विल्सन जोन्स यांची क्यू कशी ओळखावी?

पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यात बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले. १९६४ मध्ये पुन्हा. त्यांची म्हणून एखादी क्यू उद्या कोणी विकायला काढली, तर?

सहकारनगरच्या ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ संग्रहालयातील बॅटींवर निदान स्वाक्षऱ्या तरी आहेत. क्यू मूक असते. अमेरिकेत जॉर्ज बालाबुश्का या कारागिराच्या क्यूंसाठी संग्राहक मोठी रक्कम मोजतात. पण ‘द कलर ऑफ मनी’ (१९८६) या चित्रपटात ‘बालाबुश्का’ म्हणून मिरवलेली क्यू प्रत्यक्षात ‘जॉस’ची होती!

मी आधी सामन्याचे जुने छायाचित्र मागेन. हाताने सांधलेल्या क्यूच्या मुठीकडील काळ्या लाकडाची टोके सहसा तंतोतंत सारखी उतरत नाहीत. तीच जुळवून पाहावीत. किमतीची बोलणी त्यानंतर.