घरकामाचा दिवस

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीची फाळणी झाली, हे आपण शाळेपासून पाठ करतो. १९४९ साली दोन राज्ये झाली, १९६१ च्या ऑगस्टात बर्लिनमध्ये भिंत उभी राहिली, १९८९ साली ती पडली. परीक्षेला एवढे पुरते. पण तिथल्या बायकांविषयी वाचू लागल्यापासून एक साधा प्रश्न माझ्या मनात घर करून बसला आहे. देश दुभंगला, तेव्हा चूल कोणाकडे राहिली?

१९४५ साली बर्लिन म्हणजे विटांचा ढिगारा होता. पुरुष रणांगणावर मेलेले, नाहीतर कैदेत. विटांवरचा चुना खरवडून त्या रचून ठेवणाऱ्या बायकांची छायाचित्रे पुष्कळांनी पाहिली असतील. या कामावर शिधा जरा जास्त मिळे. पुढे या बायकांचे पुतळेही झाले. पुतळ्याला पगार द्यावा लागत नाही!

पश्चिम जर्मनीची राज्यघटना लिहिणाऱ्या ६५ सभासदांत बायका होत्या चार. त्यांपैकी एलिझाबेथ झेल्बर्ट या वकीलबाईंनी स्त्री-पुरुषांचे हक्क समान आहेत, हे वाक्य घटनेत यावे म्हणून हट्ट धरला. ते आधी फेटाळले गेले. मग ठिकठिकाणच्या बायकांनी पत्रांचा पाऊस पाडला, तेव्हा कुठे ते मान्य झाले. तरी घटना एक सांगे आणि कुटुंबाचा कायदा दुसरेच. बायकोची नोकरी नवऱ्याला परस्पर सोडवून टाकता येई, ती १९५८ पर्यंत. त्यानंतरही संसाराची कर्तव्ये सांभाळूनच तिने नोकरी करावी, असे कायद्यात होते. ते गेले १९७७ साली.

पूर्वेकडे चित्र उलटे. लाखो माणसे पश्चिमेला निघून गेलेली, त्यामुळे कारखान्यात बाई हवीच होती. पाळणाघरे निघाली. १९७२ साली पहिल्या बारा आठवड्यांतील गर्भपाताचा निर्णय तिच्यावर सोपवला गेला. १९८९ च्या सुमारास कामाच्या वयातल्या दहांपैकी जवळजवळ नऊ बायका नोकरीत वा शिक्षणात होत्या. हे मी कमी लेखत नाही. पाळणाघराची किंमत आपल्याकडच्या नोकरदार आयांना विचारावी.

पण त्याच राज्यात ‘घरकामाचा दिवस’ नावाची एक सवलत होती. नोकरी करणाऱ्या विवाहितेला धुण्याभांड्यांसाठी महिन्यातून एक दिवस भरपगारी रजा! वाचून प्रथम मला हेवाच वाटला. मग कळले, की पुरुषांना ही रजा अपवादानेच मिळे. म्हणजे मोरी आणि चूल कोणाच्या नावावर आहे, हे समाजवादी सरकारनेही शिक्क्यानिशी सांगून टाकले होते. जे पक्षाचे पॉलिटब्युरो सारे काही ठरवी, त्यात पूर्ण सभासद म्हणून एकही बाई कधी बसली नाही.

एक गंमत सांगते. १९६४ पासून पूर्वेकडच्या पेन्शनरांना पश्चिमेतल्या नातेवाइकांकडे जायची परवानगी मिळू लागली. पेन्शन बायकांना साठाव्या वर्षी, पुरुषांना पासष्टाव्या. त्यामुळे आजोबांच्या आधी आजीबाई भिंतीपलीकडे जाऊन येत. ती परत आली नाही तरी सरकारचे काय बिघडणार होते? तिचे कारखान्यातले काम संपले होते.

१९९० साली देश एक झाला. पूर्वेकडचे कारखाने धडाधड बंद पडले आणि असंख्य बायका घरी बसल्या. घरकामाची ती रजाही लवकरच रद्द झाली. गर्भपाताच्या कायद्यावर मात्र एकमत होईना. दोन्हीकडच्या बायकांसाठी एकच कायदा व्हायला १९९५ साल उजाडले.