वर्तणूक चांगली

जॅक उंटरवेगर 23 मे 1990 रोजी ऑस्ट्रियातल्या तुरुंगातून सुटला, तो लेखक म्हणून. 1974 साली त्याने अठरा वर्षांच्या एका मुलीचा तिच्याच अंतर्वस्त्राने गळा आवळून जीव घेतला होता. जन्मठेप झाली. तुरुंगात तो लिहू लागला: कविता, नाटकं, रेडिओवर वाचल्या गेलेल्या मुलांच्या गोष्टी, आणि 1983 मध्ये ‘फेगेफॉयर’ ही आत्मकथनपर कादंबरी. तिच्यावर चित्रपटही निघाला. पुढे नोबेल मिळालेल्या एल्फ्रिडे येलिनेक यांच्यासह कितीतरी नामवंत त्याच्या सुटकेसाठी उभे राहिले. किमान पंधरा वर्षं भरली आणि त्याला सोडण्यात आलं.

काही महिन्यांतच ऑस्ट्रियातल्या जंगलांत वेश्यांचे मृतदेह सापडू लागले. त्या दिवसांत उंटरवेगर पांढरा सूट घालून दूरदर्शनवर कैद्यांच्या पुनर्वसनाविषयी बोलत होता. इतकंच नाही, पत्रकार म्हणून हातात मायक्रोफोन घेऊन तो व्हिएन्नाच्या पोलीस अधिकाऱ्यांना विचारत होता, की या खुनांचा तपास कुठवर आला? 1991 मध्ये तो लॉस एंजेलिसला गेला. पोलिसांच्या गाडीत बसून त्याने तिथली वेश्यावस्ती पाहून घेतली आणि तिथेही तीन बायका मारल्या. 1992 मध्ये मायामीत पकडला गेला. 1994 मध्ये ग्राझच्या न्यायालयाने त्याला नऊ खुनांसाठी दोषी ठरवलं, आणि त्याच रात्री त्याने कोठडीत गळफास घेतला.

या हकिकतीत मला खुन्यापेक्षा त्याचे पाठीराखे अधिक अस्वस्थ करतात. ती माणसं दुष्ट नव्हती, उथळही नव्हती. लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या माणसाची एक श्रद्धा असते, की ज्याला स्वतःच्या वेदनेबद्दल इतकं नितळ लिहिता येतं, त्याला दुसऱ्याची वेदनाही कळत असणार. अमेरिकेत कादंबरीकार नॉर्मन मेलर याच श्रद्धेपायी तुरुंगातून लिहिणाऱ्या जॅक अ‍ॅबटच्या सुटकेसाठी धडपडले. 1981 मध्ये बाहेर आल्यावर दीड महिन्यात अ‍ॅबटने न्यूयॉर्कमध्ये एका तरुण वेटरला भोसकलं. दुसऱ्याच दिवशी वर्तमानपत्रात अ‍ॅबटच्या पुस्तकाचं कौतुकाचं परीक्षण छापून आलं.

आपल्याकडे असा गुन्हेगार म्हटला की मुंबईत एकामागून एक खून करणारा रामन राघव आठवतो. पण त्याला स्किझोफ्रेनिया होता, वास्तवाशी त्याचा संबंध तुटलेला होता. सायकोपॅथचं तसं नसतं. त्याला सगळं नीट कळतं. समोरच्याला काय ऐकायचं आहे हे तर फारच नीट कळतं. फक्त त्याला त्याचं काही वाटत नाही. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांनी हे ओळखण्यासाठी वीस मुद्द्यांची मोजपट्टी तयार केली. तिच्यात पहिलाच मुद्दा वरवरच्या गोडव्याचा आहे. आणि केवळ मुलाखतीवर ती विसंबत नाही. जुने कागद, साक्षी, आधीच्या नोंदी वाचाव्याच लागतात. याचं कारण कॅनडातच दिसलं. तिथल्या तुरुंगांतल्या तीनशेवर कैद्यांचा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. सायकोपॅथ कैद्यांना सशर्त सुटका मिळण्याची शक्यता इतरांच्या सुमारे अडीचपट निघाली, आणि बाहेर येऊन पुन्हा गुन्हा करण्यातही तेच पुढे होते. समोर बसून ऐकणाऱ्या अनुभवी मंडळांनाही त्यांनी जिंकलं होतं.

उंटरवेगरला प्रथम ओळखलं ते साल्झबर्गच्या एका निवृत्त पोलिसाने, ऑगस्ट शेनर यांनी. 1973 मधल्या एका खुनात त्यांचा त्याच्यावर संशय होता. पण त्याला दुसऱ्या गुन्ह्यात जन्मठेप झाल्याने ते प्रकरण तसंच राहिलं. नव्या खुनांच्या बातम्या वाचताना त्यांना ती पद्धत आठवली आणि त्यांनी व्हिएन्नाला कळवलं. जुनी फाईल डोक्यात असलेला हा एक म्हातारा माणूस. सुटकेच्या वेळी त्याला कोणी विचारलं असतं तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

म्हणून कोणालाच सोडू नये, असं मला म्हणायचं नाही. तुरुंगातले बहुतेक कैदी सायकोपॅथ नसतात, खुनी कैदीही नसतात. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानाने तिथे कैद्यांना बेड्यांवाचून, शेतीवर, बायकामुलांसह राहू दिलं. त्याच मातीतल्या गदिमांनी त्यावरून ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट लिहिला. माणूस बदलतो यावर माझा विश्वास आहे, आणि तो या प्रयोगाने पक्का केला आहे.

पण लोकांच्या भीतीला सूडबुद्धी म्हणून झटकून टाकणं मला पटत नाही. गुजरात दंगलीतल्या सामूहिक बलात्कार आणि खुनांच्या बिल्किस बानो प्रकरणातले अकरा दोषी 15 ऑगस्ट 2022 रोजी सुटले. त्यांना सायकोपॅथ ठरवण्याचं मला काहीच कारण नाही. मात्र चौदा वर्षं भरली, वर्तणूक चांगली, एवढं गुजरात सरकारला पुरेसं वाटलं. खटला मुंबईत चालला होता. इथल्या विशेष न्यायाधीशांनी सुटकेच्या विरोधात मत दिलं होतं, सीबीआयनेही. बाहेर आलेल्यांना हार घातले गेले. बिल्किस यांना आधी कळवण्यात आलं नव्हतं. 8 जानेवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली, कारण तो निर्णय घेण्याचा अधिकार गुजरातचा नव्हताच, महाराष्ट्राचा होता.

शिस्तीने वागणं, गोड बोलणं, अधिकाऱ्यांचा विश्वास कमावणं हे तुरुंगात सर्वांत सहज जमतं ते नेमकं ज्याला सोडू नये त्यालाच. हिंसक गुन्ह्यातल्या कैद्याला मुदतीआधी सोडायचं असेल, तर आधी मूळ खटल्याचे कागद पुन्हा वाचा, शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशाचं आणि तपास करणाऱ्या अधिकाऱ्याचं म्हणणं ऐका, तज्ज्ञाकडून स्वतंत्र तपासणी करून घ्या. आणि ज्यांच्या घरातलं माणूस गेलं, त्यांना ही बातमी टीव्हीवरून कळू देऊ नका.