खंबीर आणि हट्टी

'स्ट्राँग फीमेल कॅरेक्टर' असं कुठे वाचलं की मला हल्ली जरा धास्तीच वाटते. गेम असो, सिनेमा असो, वेब सिरीज असो, पुढे काय येणार ते साधारण माहीत असतं. एक देखणी, बारीक अंगाची बाई येते, पहिल्या पाच मिनिटांत सहा दांडगट पुरुषांना लोळवते, वर एखादा खवचट टोमणा मारते. झालं, बाई 'स्ट्राँग' झाली! मग पुढचे दोन तास ती जे काही करते ते दुसऱ्याच कोणाच्या तरी गोष्टीसाठी करते.

गंमत म्हणजे असं सगळं बघूनसुद्धा ती मला सामर्थ्यवान वाटत नाही. आणि एखादी बाई नुसती दाराशी उभी राहून "नाही" म्हणते तेव्हा मात्र अंगावर काटा येतो. हे असं का होतं, हा प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय. आज जरा सविस्तर लिहून बघते.

गेम्सपासूनच सुरुवात करू. १९८६ साली निन्टेंडोचा 'मेट्रॉइड' आला. नायक सॅमस अ‍ॅरन. डोक्यापासून पायापर्यंत चिलखत, हाताला तोफ. सोबतच्या इंग्रजी पुस्तिकेत त्याचा उल्लेखही पुरुष म्हणूनच होता. गेम पुरेशा वेगाने संपवला की शेवटी शिरस्त्राण उतरायचं आणि कळायचं, अरे, ही तर बाई! त्या काळातल्या मुलांना बसलेला हा धक्का मोठाच होता, आणि गेम्सच्या इतिहासात त्याचं कौतुक होतं ते योग्यच आहे. पण त्यातली मेख बघा. गेम तुम्ही जितक्या कमी वेळात संपवाल, तितके तिच्या अंगावरचे कपडे कमी. तासाभरात संपवलात तर थेट बिकिनी. म्हणजे अख्खा ग्रह पालथा घालणारी बाई शेवटी खेळणाऱ्याला मिळालेलं बक्षीस झाली. पराक्रम तिचा, बक्षीसही तीच!

मग १९९६ साली 'टूम्ब रेडर'मधली लारा क्रॉफ्ट आली. तिच्या शरीराच्या मापांवर जगभर इतकं लिहून झालंय की मी त्यात भर घालत नाही. पण एक सांगते, ती पहिली लारा मला आवडायची. दोन पिस्तुलं घेऊन ती एकटी गुहांमध्ये हिंडायची, कारण तिला हिंडायचं असायचं. वडिलांचा सूड नाही, हरवलेला नवरा नाही, काही नाही. हौस! बाईने केवळ हौसेखातर धोका पत्करावा हे तेव्हा गोष्टींमध्ये फार दिसत नसे. (आजही फार दिसतं असं नाही.)

२०१३ साली लाराची गोष्ट नव्याने सांगितली गेली. वय एकवीस, जहाज फुटलेलं, अनोळखी बेट. ही लारा माणसासारखी दिसते, घाबरते, रडते, थंडीने कुडकुडते. गेम उत्तमच आहे. पण सुरुवातीलाच तिच्या कुशीत सळई घुसते आणि नंतर किती तरी वेळ ती पडते, आपटते, कण्हते, पुन्हा उठते. गेम येण्याआधी त्याच्या निर्मात्यांपैकी एकाने मुलाखतीत म्हटलं होतं, की खेळणाऱ्याला तिच्या जागी असल्यासारखं वाटण्यापेक्षा तिचं रक्षण करावंसं वाटेल. त्यावर २०१२ मध्ये बराच गदारोळ झाला होता. मला त्यात खटकलं ते वेगळंच. 'एवढं सोसलं म्हणून ती कणखर झाली' हे सूत्र मला फार ओळखीचं वाटलं. आपल्याकडच्या किती कादंबऱ्या, किती मालिका आणि किती श्रद्धांजल्या याच सूत्रावर उभ्या आहेत!

म्हणजे बाईला 'स्ट्राँग' ठरवायचे दोनच मार्ग दिसतात. एकतर तिने मारायचं, नाहीतर मार खायचा. दोन्हीत मोजमाप एकच, अंगात किती दम आहे.

आता ती दाराशी उभी राहणारी बाई. 'एलियन' हा सिनेमा १९७९ चा. मूळ पटकथेतच टीप होती, की यातली सगळी पात्रं पुरुष किंवा स्त्री, कोणीही केलेली चालतील. रिप्लीचं काम सिगोर्नी वीव्हरकडे गेलं. यानातले तिघं बाहेर गेलेत. परत येतात तेव्हा एकाच्या चेहऱ्याला कसलासा प्राणी चिकटलेला. कप्तान बाहेरून हुकूम सोडतो, दार उघड. त्या क्षणी आत जबाबदार अधिकारी रिप्ली आहे. ती म्हणते, नियमाप्रमाणे विलगीकरण, दार उघडणार नाही. तिचा आवाज चढत नाही. हातात बंदूकही नाही. समोर तिचा वरिष्ठ आहे, मरायला टेकलेला सहकारी आहे. तरी नाही.

दार शेवटी दुसराच कोणीतरी उघडतो, आणि मग जे व्हायचं ते होतंच. पण त्या दोन मिनिटांत रिप्ली माझ्यासाठी सिनेमाची नायिका झाली. बहुतेकांना आठवते ती १९८६ च्या दुसऱ्या भागातली रिप्ली, भल्यामोठ्या यंत्रात शिरून राणी-एलियनशी झुंजणारी. दृश्य जबरदस्त आहे, शिट्ट्या मारण्यासारखं. पण तिथे ती यंत्राच्या जोरावर लढते. दाराशी मात्र तिचं स्वतःचं असं जे काही होतं तेच पणाला लागलं होतं.

असंच आपल्या अगदी घरच्या गोष्टीत झालंय. द्यूतसभेतली द्रौपदी म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? न संपणारं वस्त्र. कॅलेंडरवर, नाटकात, टीव्हीवर तेच. म्हणजे द्रौपदी असहाय आणि वाचवणारा दुसरा. पण त्याआधी तिने काय केलंय? बोलवायला आलेल्याला परत पाठवलंय, जाऊन विचार म्हणून, आधी स्वतःला हरलात की मला? राजवाड्यातल्या एका बाईच्या या एका प्रश्नापुढे भीष्मांसारखा माणूस धर्माची गती सूक्ष्म आहे असं म्हणून गप्प बसतो. बोलतात ते विदुर आणि कौरवांमधला एक विकर्ण. बाकी सगळी सभा माना खाली घालून.

पुढे धृतराष्ट्र वर देतो तेव्हा ती पहिल्या वराने युधिष्ठिराला सोडवते, दुसऱ्याने उरलेल्या चौघांना, शस्त्रांसकट. तिसरा वर माग म्हटल्यावर नको म्हणते. पाच महावीर एका बाईच्या शब्दावर दास्यातून सुटले, आणि आपण लक्षात काय ठेवलं, तर साडी!

इरावतीबाई कर्व्यांनी मात्र 'युगान्त'मध्ये (१९६७) या प्रश्नाबद्दल द्रौपदीला दोष दिलाय. भर सभेत असा कायद्याचा कीस काढायला नको होता, उत्तर कुठलंही आलं असतं तरी ती अडचणीतच सापडली असती, असा त्यांचा रोख आहे. तर्काने ते पटतंही. पण मला वाटतं, द्रौपदी आपल्याला एवढी जिवंत वाटते ती याच्यामुळेच. तिने प्रश्न विचारला नसता तर सभेत फक्त एक अत्याचार झाला असता. प्रश्नामुळे सगळी सभाच आरोपीच्या पिंजऱ्यात आली. बरोबर की चूक हा वेगळा मुद्दा. गोष्ट तिच्यामुळे वळली.

इथे मला माझ्या आजीबद्दल लिहावंसं वाटतंय. आजोबा गेले तेव्हा ती तिशीत होती, पदरात चार मुलं. "बाई मोठी खंबीर" हे वाक्य मी तिच्याबद्दल लहानपणापासून ऐकत आले. नीट आठवून पाहिलं तर ते वाक्य दर वेळी तिच्यावर काहीतरी नवं ओझं टाकून झाल्यावर यायचं. नणंदेची मुलं शिकायला तिच्याकडे ठेवली, ती खंबीर. सासूचं अंथरुणातलं आजारपण काढलं, ती खंबीर. यातलं काहीही तिला विचारून झालेलं नव्हतं.

आणि एकदा, एकदाच, तिने ठाम नकार दिला. गावची जमीन विकायची ठरली होती, कागद तयार होते, सगळे पुरुष ओटीवर बसलेले. ती म्हणाली, मी सही करणार नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, माझ्या पोरांचं शिक्षण होईतो जमीन राहील. बस. त्या जमिनीच्या उत्पन्नावर माझे बाबा आणि आत्या शिकले. म्हणजे मी आज इथे बसून हे लिहितेय तेही त्या न केलेल्या सहीमुळेच. पण घरात तो प्रसंग कसा सांगितला जातो? "आजी तशी हट्टीच हो!"

सोसलं की खंबीर, ठरवलं की हट्टी. हा एवढा शब्दांचा फरक एकदा लक्षात आला की गोष्टींमधल्या बायकांकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतो आपण. 'उंबरठा' (१९८२) आठवा. महिला सुधारगृहातली नोकरी धरायला घर सोडणारी सुलभा, स्मिता पाटीलने उभी केलेली. ती तिथे जिंकत नाही. परत येते तर नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई, मुलगी दुरावलेली. आणि तरी ती पुन्हा बाहेर पडते. तिला 'स्ट्राँग' म्हणावं असं एकही हाणामारीचं दृश्य त्यात नाही. सिनेमा तिला बक्षीसही देत नाही. निर्णय तिचा आणि त्याची किंमतही तिच्याच खात्यावर.

मला वाटतं खरी खूण हीच. तिच्या हो-नाहीने गोष्ट वळते का? आणि वळली तर त्याचा हिशेब तिचा तिला द्यावा लागतो का? फुकटात जिंकणारी बाई बाहुलीच राहते, मग तिच्या हातात कितीही मोठी तलवार द्या.

गेममध्ये या प्रश्नाला आणखी एक पीळ पडतो, कारण तिथे बटणं आपल्या हातात असतात. ती धावते ती आपण धाववतो म्हणून. मग सामर्थ्य तिचं की आपलं? याचं मला सापडलेलं सगळ्यात चांगलं उत्तर 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' (२०२०) मध्ये आहे. (खेळायचा असेल तर पुढचे दोन परिच्छेद सोडा, शेवट सांगतेय.) एलीला वडिलांच्या जागी असलेल्या जोएलच्या खुनाचा सूड घ्यायचाय. मधेच गेम तुम्हाला खुनी अ‍ॅबीच्या जागी नेऊन ठेवतो आणि जवळजवळ अर्धा वेळ तिला खेळायला लावतो. हळूहळू कळतं की तिचाही बाप मारला गेलाय, जोएलच्याच हातून. शेवटी समुद्राच्या पाण्यात एली अ‍ॅबीचं डोकं दाबून धरते. बटण तुम्ही दाबताय. तुम्हाला थांबायचं असेल, नसेल, कोणी विचारत नाही. आणि मग एली स्वतःच हात सोडते. तुम्ही सोडत नाही, ती सोडते.

त्या क्षणी कंट्रोलर माझ्या हातात असून ती माझ्या हातात नव्हती. घरी परतते तेव्हा घर रिकामं. डाव्या हाताची दोन बोटं गेलेली, त्यामुळे जोएलने शिकवलेली गिटारही वाजत नाही. अनेकांना हा शेवट अजिबात आवडला नाही. दंड भरलेल्या, पिळदार अ‍ॅबीचा तर इतका राग आला, की तिला आवाज देणाऱ्या अभिनेत्रीला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. खेळणाऱ्याचं न ऐकणाऱ्या बाईला लोक काय म्हणतात, ते आपल्याला आता माहीत आहेच.

याच वर्षी आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' आला. सर्कशीतली एक मुलगी, असुरांनी पळवलेल्या भावाला शोधत निघालेली. त्रिशूळ, धनुष्य वगैरे तिला देवांकडून मिळतं, दुर्गेचा वरदहस्तही आहे. ते छानच आहे. पण मला खेळताना मजा आली ती ती भिंतीवरून धावते, खांबाला गिरकी घेते तेव्हा. ती कसरत तिला कोणी वरदान म्हणून दिलेली नाही. पोटासाठी रोज करून करून अंगात मुरलेली ती तिची स्वतःची विद्या आहे.

तेव्हा यापुढे कोणी मला 'जबरदस्त स्त्री पात्र आहे, बघच' म्हणून काही सुचवलं, तर ती किती जणांना लोळवते हे मी विचारणार नाही. तिने किती सोसलं हे तर नाहीच नाही. एवढंच विचारेन, की त्या गोष्टीत तिला कोणी हट्टी म्हणतं का? म्हणत असतील तर मी नक्की बघेन.