वरून एक टेनिस बॉल

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला.

हॉस्टेलच्या टीममध्ये शेवटची ओव्हर माझी. यंदा लागोपाठ तीन मॅच मी त्या ओव्हरमध्येच घालवल्या. मग एका रात्री मेसमध्ये कॅप्टन म्हणाला, "भाऊ, तू बी-विंगकडून खेळ. त्यांचा फर्स्ट इयरवाला पोरगा आम्ही घेतो." कॅप्टन म्हणजे माझाच रूम पार्टनर! आमगावहून आईनं पाठवलेले लाडू आदल्याच दिवशी त्यानं संपवले होते.

मला शार्दुल ठाकूर आठवला. पालघरहून किट घेऊन लोकलनं मुंबईला येणारा. २०२४ च्या लिलावात त्याला कुणीच घेतलं नाही. २०२५ मध्ये जखमी मोहसिन खानच्या जागी लखनौनं घेतलं. १० मॅचमध्ये १३ विकेट, पण मारही भरपूर खाल्ला. नोव्हेंबरात लखनौनं त्याला २ कोटींना मुंबईला दिलं आणि मुंबईचा अर्जुन तेंडुलकर, आठ वर्षांनी लहान, ३० लाखांना लखनौला गेला. कागदावर व्यवहार दोन, पण समजायचं ते सगळे समजले. शार्दुलची तर ही तिसरी बदली: आधी पंजाबहून पुणे, मग दिल्लीहून कोलकाता. निदान या वेळी तो घरी तरी आला.

माझा भाव? मला घ्यायला बी-विंगनं वरून एक टेनिस बॉल मागितला. पार्टनरनं दिलाही, नवा कोरा!

रविवारी त्यांच्याशीच मॅच आहे. शेवटची ओव्हर मलाच मिळालीय. काल लाईट बंद करून पार्टनर हळूच म्हणाला, "यॉर्कर टाकशील का बे?"

मी झोपेचं सोंग घेतलं.