कार्थेजचं मीठ

परवा माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा ट्युनिसहून फोन आला. आता तोही निवृत्तीला आलाय. म्हणाला, "सर, कार्थेज बघून आलो. इथे तर बागा आहेत, बंगले आहेत. तुम्ही मीठ पेरलं म्हणाला होतात ना?"

म्हणालो होतो खरा. एकदा नव्हे, तीसेक वर्षं. इ.स.पू. १४६ मध्ये रोमनांनी शहर जाळलं आणि पुन्हा काही उगवू नये म्हणून जमिनीत मीठ पेरलं, असं मी हातवारे करून सांगत असे. वर्ग अगदी चिडीचूप! निवृत्तीनंतर वाचनात आलं की, ही मिठाची गोष्ट एकाही प्राचीन लेखकाने लिहिलेली नाही. रिडली नावाच्या अभ्यासकाने १९८६ सालीच ते दाखवून दिलं होतं. म्हणजे पुढची वीस-बावीस वर्षं मी खोडून टाकलेली गोष्टच शिकवत होतो...

असो. खरी हळहळ वेगळीच आहे. मिठाच्या नादात ती माणसं सांगायची राहिली. फिनिशियन म्हणजे टायर, सिडॉनचे दर्यावर्दी व्यापारी. चांगलं बंदर दिसलं की वखार टाकायची. सायप्रस, माल्टा, सार्डिनिया, थेट अटलांटिकवरचं गादिर, म्हणजे स्पेनमधलं आजचं कादिझ. कार्थेजही टायरचीच वसाहत.

हेरोडोटसने या कार्थेजवाल्यांची एक हकीकत दिली आहे. आफ्रिकेच्या दूरच्या किनाऱ्यावर ते माल मांडून ठेवत, जहाजावर परतत आणि धूर करत. धूर बघून तिथले लोक येत, मालाशेजारी सोनं ठेवून दूर जात. सोनं कमी वाटलं तर व्यापारी नुसते जहाजावर जाऊन बसत. मग ते लोक आणखी सोनं आणून ठेवत. एकमेकांची भाषा येत नाही, पण सौदा पटेपर्यंत कोणी दुसऱ्याच्या वस्तूला हात लावत नसे. हे वर्गात सांगायला काय हरकत होती? पण पुस्तकात युद्धंच होती, आणि मीही युद्धंच रंगवली.

ग्रीकांनी मुळाक्षरं घेतली ती या फिनिशियनांकडून. त्यांची स्वतःची पुस्तकं मात्र जवळजवळ सगळी गेली. रोमनांनी कार्थेजची ग्रंथालयं आफ्रिकेतल्या राजांना वाटून टाकली. मागोचे शेतीवरचे २८ ग्रंथ तेवढे लॅटिनमध्ये करून घेतले. जमीन नासवायला निघालेले लोक शेतीची पुस्तकं जपून नेतील? हे माझ्याही डोक्यात आलं नाही कधी.

फोनवर सगळं कबूल केलं. तो हसत सुटला. "सर, त्या मिठावर मला पाचपैकी पाच मार्क दिले होते तुम्ही!"

मग त्याला धुराची गोष्ट सांगितली. दोनदा ऐकली त्याने.