टेबलावरील आरमार

म्हैसूर हे समुद्राकाठचे गाव नव्हे. घाट उतरून पुष्कळ दूर जावे तेव्हा कोठे खारा वारा अंगाला लागतो. तरीही गेल्या पावसाळ्यात आमच्या जेवणाच्या टेबलावर निळी चादर अंथरली गेली आणि तिच्यावर कोणती जहाजे उतरवावीत हा प्रश्न आमच्या घरात तीन महिने चालला.

प्रारंभ माझ्या दहा वर्षांच्या चिरंजीवांनी केला. सालामिसच्या सामुद्रधुनीत इ. स. पूर्व ४८० मध्ये ग्रीकांनी इराणी आरमाराचा पराभव कसा केला, हे त्याने एका पुस्तकात वाचले होते. ती लढाई त्याला टेबलावर खेळायची होती. हा छंद मुळीच नवा नाही. इंग्लंडात फ्रेड जेन या गृहस्थाने छोट्या युद्धनौकांनी खेळावयाच्या लढाईचे नियम १८९८ मध्ये प्रसिद्ध केले होते. हौशी मंडळींसाठी प्राचीन वल्हेरी युद्धनौकांच्या इवल्या प्रतिकृती आजही तयार मिळतात. आम्ही एक लहानसा संच मागविला.

प्रतिकृती निवडताना पहिली अडचण येते ती प्रमाणाची. तीन ओळींत १७० वल्हेकरी बसवणारी ग्रीक युद्धनौका सुमारे ३५ मीटर लांब असे. बाराशे पटींनी लहान केली की ती जेमतेम तीन सेंटिमीटर उरते, म्हणजे भुईमुगाच्या शेंगेएवढी. त्या आकारात वल्ही दिसत नाहीत, कंगव्याच्या दातांसारखी एक झालर दिसते. दुसरी अडचण शिडाची. शीड उभारलेली नौका देखणी दिसते आणि मुले तिच्यावरच बोट ठेवतात. परंतु ग्रीक लोक लढाईला निघताना मोठी शिडे बहुधा किनाऱ्यावरच ठेवून जात, कारण नाळेवरच्या काशाच्या टोकाने शत्रूची कूस फोडावयाची तर सारा भरवसा वल्ह्यांवर. तेव्हा लढाईसाठी नौका घ्यावयाची असेल तर शिडाविना घ्यावी, हे मी चिरंजीवांना पटवून दिले. पटले, पण तोंड लहान झाले.

इतक्यात माझे सासरे, ज्यांना आम्ही सारे आप्पा म्हणतो, मालवणहून आमच्याकडे राहावयास आले. काचबिंदूने त्यांची दृष्टी फार मंदावली आहे, आणि गेलेली दृष्टी परत येत नाही, एवढे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. तरुणपणी रापणीच्या होडीवर वल्हे मारलेला हा माणूस येथे दिवसभर खुर्चीत बसून राही. नातवाने एक ग्रीक नौका त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती चिमटीत धरून पुष्कळ वेळ फिरवली आणि विचारले, "हेची वल्ही खंय आसत?"

त्या प्रश्नाने आमची सारी निवड रद्द झाली. आता नौका अशी हवी होती की जी बोटांना ओळखता येईल. आणि बोटांनाच ओळखावयाची, तर मग आप्पांच्या ओळखीची का नको? सालामिस मागे पडले आणि खांदेरी पुढे आली.

१६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरी बेटावर किल्ला बांधावयास घेतला आणि मुंबईचे इंग्रज तो अडवावयास आले. दौलतखानाच्या हाताखालील मराठी आरमाराने त्या वर्षीच्या १८ ऑक्टोबरला चढाई केली. इंग्रजांचे 'डव्ह' हे गुराब मराठ्यांनी पकडले. 'रिव्हेंज' मात्र तोफा डागीत टिकून राहिले. त्यापुढेही उथळ बुडाची मराठी होडकी वल्ह्यांच्या बळावर बेटावर रसद पोचवीत राहिली आणि वाऱ्यावर अवलंबून असलेली मोठी जहाजे त्यांना रोखू शकली नाहीत. टेबलावर खेळावयाला याहून उत्तम लढाई मला सुचत नाही, कारण दोन्ही बाजूंची बळे निराळ्या जातीची आहेत.

भाषांतराचा व्यवसाय असल्यामुळे मी मध्येच शब्दांत गुंतलो. गुराब हा मूळ अरबी शब्द. त्याचा अर्थ कावळा! असो. अठराव्या शतकातील इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने केलेले वर्णन आमच्या उपयोगी पडले. गलबत फार तर ७० टनांचे, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे. गुराब दोन डोलकाठ्यांचे असेल तर दीडशे टनांपर्यंत, तीन डोलकाठ्यांचे असेल तर तीनशेच्या आसपास, आणि त्याची नाळ लांब पुढे आलेली.

अशा नौका तयार कोठून मिळणार? पण म्हैसूर हे पटावरच्या खेळांचे जुने माहेर आहे. येथील राजे मुम्मडी कृष्णराज वडियार यांनी गंजिफांचे आणि पटांचे कितीतरी खेळ स्वतः रचले होते. बंगळूरच्या वाटेवर चन्नपट्टण आहे, तेथे काळ्या कुड्याच्या पांढऱ्या लाकडाची लाखेने रंगविलेली खेळणी होतात. तेथल्या एका कारागिराने प्रथम मान हलविली. चरकावर फक्त गोल वस्तू निघतात, होडी कशी निघावी? मग त्यानेच युक्ती काढली. दोन्ही टोकांना निमुळती अशी चाती कातून ती उभी चिरली. एका चातीची दोन गलबते झाली. बूड घासून सपाट केले की ती चादरीवर नेमकी पाण्यात बसल्यासारखी दिसतात.

वल्ह्यांसाठी आधी खराट्याच्या काड्या बसविल्या. दोन दिवसांत अर्ध्या मोडल्या. अखेर कारागिराने दोन्ही कुशींना सहा-सहा खाचा पाडल्या. नख फिरविले की गलबत ओळखावे. 'रिव्हेंज'ची कूस गुळगुळीत आणि पिछाडी उंच. डोलकाठ्या आखूड, शेंड्याला बोथट, कारण आप्पा पटावर अगदी वाकून पाहतात आणि अणकुचीदार काठीची मला धास्ती वाटली. लांबी बोटभर ठेवली. थळच्या किनाऱ्यापासून खांदेरी सुमारे पाच किलोमीटर. बाराशेच्या प्रमाणात तेवढेही अंतर चार मीटरांहून अधिक होते आणि आमचे टेबल पाच फुटांचे! तेव्हा नौकांचे प्रमाण एक आणि समुद्राचे दुसरे, ही लबाडी या खेळात सर्वांनाच करावी लागते.

नियम सोपे केले. फासा टाकून वारा ठरवावयाचा. वारा पडला की शिडाची जहाजे जागच्या जागी, गलबते मात्र चालतात. प्रत्येक गलबताला पाच चिंचोके. वल्हवत गेले की डावागणिक एक चिंचोका खर्च. संपले की वल्हेकरी दमले.

पहिल्या संध्याकाळी आप्पांनी गलबते घेतली, नातवाने इंग्रज. 'डव्ह' लवकरच वेढले गेले. वारा पडलेला होता. आप्पा चिंचोके चाचपीत असताना चिरंजीवांनी 'रिव्हेंज' चार बोटे मागे सरकविले. मी पाहिले, पण गप्प राहिलो. आप्पांचा हात चादरीवरून हलके फिरत गेला आणि थांबला.

"वारो पडलो हा. मगे ह्यां तारू हललां कसां?"

मुलगा कानापर्यंत लाल झाला. त्याने जहाज पूर्वीच्या जागी नेऊन ठेवले आणि आजोबांचे बोट धरून त्या जागेवर टेकविले. दुसऱ्या दिवशी वहीतील नियमांच्या अगदी वर त्याच्या अक्षरात एक ओळ दिसली: प्रत्येकाने आपली चाल मोठ्याने बोलून दाखवावी. आता संध्याकाळी आमच्या घरात नाळ, डोलकाठी, मतलई वारा असे शब्द मोठ्याने ऐकू येतात. शेजारच्या कन्नड मुलांनाही ते पाठ झाले आहेत.

दोन गुराबे अजून कारागिराकडे आहेत. त्यांनाही खाचा पाडावयाच्या काय, असे त्याने विचारले आहे. आप्पांना विचारून कळवितो, असे मी सांगितले आहे.