कमरेची पैमाईश

धाराशिव जिल्ह्याच्या नशिबी अवर्षण पिढ्यान्‌पिढ्या आल्यामुळे येथे माणसाच्या देहाकडे पाहण्याची दृष्टीही दुष्काळानेच घडविली आहे. कृश देह म्हणजे हलाखी आणि किंचित सुटलेले पोट म्हणजे खात्यापित्या घरची खूण, हा जो समज निजामाच्या अमदानीपासून रूढ आहे, तो जिल्ह्याचे नाव बदलले तरी बदललेला नाही. परंडा, भूम किंवा वाशीकडील एखादे गृहस्थ तपासणीचा कागद हाती पडताच, “डॉक्टरसाहेब, अंगावर मांस नाही, अन्‌ मला शुगर कशी काय?” असा सवाल करतात, तेव्हा तो सवाल वरकरणी रास्तच वाटतो, कारण काट्यावर त्यांचे वजन खरोखरच बेताचे भरते.

परंतु काटा केवळ एकूण भार सांगतो. त्या भारात स्नायू किती, अस्थी किती आणि मेद किती, याचा तपशील त्याच्या दप्तरी नसतो. उंचीच्या वर्गाने वजनाला भागण्याची रीत एकोणिसाव्या शतकात बेल्जियन गणिती क्वेटले याने मांडली. आपल्याकडे महादुष्काळ पडला त्याच १९७२ साली अमेरिकन शास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीज यांनी तिला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव रूढ करून दिले. तथापि या गणिताचा दोषही काट्याचाच आहे. मेद किती आहे याइतकेच तो कोठे साठला आहे हेही महत्त्वाचे असते, हे मार्सेय येथील वैद्य झाँ वाग यांनी १९४७ सालीच निदर्शनास आणले होते. मांड्यांवर व नितंबांवर साठणारी चरबी तुलनेने निरुपद्रवी. उलट उदरातील अवयवांभोवती जमणारी चरबी आपली मेदाम्ले थेट यकृताकडे जाणाऱ्या रक्तप्रवाहात सोडते, इन्शुलिनचा अंमल ढिला करते, आणि मधुमेह, उच्च रक्तदाब व हृदयविकार यांना वाट मोकळी करून देते.

वर सांगितलेल्या गृहस्थांच्या सवालाचे उत्तर पुण्याने दिले आहे. तेथील केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांचे जोडछायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले: दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३, मात्र युडकिन यांच्या देहात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या देहात २१.२ टक्के! याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळील खेड्यांत जन्मलेल्या बालकांची तुलना इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बालकांशी केली, तेव्हा आपली बालके सरासरी २.७ किलोग्रॅमची आणि तेथली ३.५ किलोग्रॅमची भरली. परंतु आपल्या बालकांचे स्नायू जितके उणे होते तितका त्यांचा मेद उणा नव्हता. मातेच्या उदरात सोसलेली वाण पुढे देहाला संचयाची सवय लावते, असा याचा अभिप्राय आहे. आणि ज्या मुलखात पिढ्या अर्धपोटी वाढल्या, त्याने तो विशेष गांभीर्याने घेतला पाहिजे.

म्हणूनच गोऱ्या अमेरिकनांसाठी ठरलेली १०२ आणि ८८ सेंटिमीटरांची मर्यादा आपल्याला लागू न करता, भारतीय पुरुषाच्या कमरेसाठी ९० आणि स्त्रीच्या कमरेसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा तज्ज्ञांनी मुक्रर केली आहे. आशाताई तीस वर्षे व त्यापुढील वयाच्या माणसांचा जो फॉर्म भरतात, त्यात तंबाखू, दारू, व्यायाम आणि आईवडिलांचे आजार यांच्या जोडीला कमरेच्या घेराचाही रकाना आहे. मात्र मोजणी कायदेशीर हवी. शेवटच्या बरगडीची खालची कड आणि कटीच्या हाडाची वरची कड यांच्या बरोबर मध्यावर, सहज श्वास सोडल्यानंतर, टेप न आवळता ती करावी. पोट आत ओढून धरलेले, टेपखाली करदोडा अडकलेला, किंवा परकराची नाडी जेथे बांधली तीच कंबर समजून केलेली नोंद नामंजूर करावी. स्त्रियांची मोजणी आडोशाला, स्त्रीनेच करावी, हे वेगळे सांगणे नलगे.

एकाच घरात नातवाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरांच्या खाली, म्हणजे तीव्र कुपोषणाच्या हद्दीत, आणि आजोबांची कंबर ९०च्या पुढे, असे असू शकते. तेथे दोन्ही मोजणे अगत्याचे आहे, कारण आजचे उणे वजन हे उद्याच्या मधुमेहाचे बीज ठरू शकते. मोठी कंबर ही समन्सासारखी आहे, निकालासारखी नव्हे: गर्भवतीला ही मोजणी लागू नाही, जलोदराने फुगलेल्या पोटालाही नाही, आणि रोगाचे निदान अखेर रक्ताच्या तपासणीवरच ठरते.

वाचकांना एवढीच विनंती की, आपल्या उंचीइतका दोरा कापावा, तो मध्यावर दुमडावा आणि कमरेभोवती लावून पाहावा. तो पुरला नाही, तर काट्यावर वजन काहीही भरो, जवळच्या आरोग्य उपकेंद्रात जाऊन रक्तदाब आणि रक्तातील साखर तपासून घ्यावी.